बरणीत ९८ टक्के, कॉलममध्ये निम्मं: पॅलेडियमचं रेझिन कुठे फसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुन्या सर्किट बोर्डांमधले मौल्यवान धातू तुम्ही ॲक्वा रेजियात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवता आणि सोनं मेटाबायसल्फाइटने खाली बसवता. त्यानंतर रोज ५०० लिटर द्रावण उरतं. त्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम पॅलेडियम आणि ४ ग्रॅम तांबं आहे, शिवाय थोडं लोखंड, कथील, शिसं. पुरवठादाराने गंधकाचे गट असलेलं रेझिन, म्हणजे धातूचे आयन धरून ठेवणारे प्लास्टिकचे बारीक मणी, दिलं आणि लिटरभर रेझिनला १५० ग्रॅम पॅलेडियम अशी क्षमता सांगितली. प्रयोगशाळेत बरणीत सहा तास हलवल्यावर ९८ टक्के पॅलेडियम आलं. मग २ लिटर रेझिन भरलेली उभी नळी, म्हणजे कॉलम, बसवून एका पाळीत सगळं द्रावण त्यातून सोडलं, तर पहिल्याच दिवशी निम्मं पॅलेडियम पलीकडे गेलं. वेग कमी केल्यावर सुधारणा झाली, पण दहाएक दिवसांत पुन्हा घसरण. दुसरं, अधिक क्षमतेचं रेझिन घ्यावं का, असं तुम्ही विचारता.

आत्ताच घेऊ नका. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि पुरवठादाराच्या क्षमतेच्या आकड्याने त्यातलं एकही सुटत नाही.

पहिलं दुखणं वेगाचं. ५०० लिटर आठ तासांत, म्हणजे ताशी साधारण ६० लिटर. रेझिन २ लिटर. म्हणजे ताशी ३० बेड व्हॉल्यूम, रेझिनने जेवढी जागा व्यापली आहे त्याच्या तीसपट द्रावण दर तासाला. एवढ्या वेगात द्रावणाला बेडमध्ये, म्हणजे रेझिनच्या थरात, मिळतात दोन मिनिटं, आणि त्यातली मण्यांमधली मोकळी जागाच धरली तर मिनिटभरसुद्धा नाही. बरणीत त्याच पॅलेडियमला सहा तास मिळाले होते. रेझिनचा मणी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, पण गंधकाचे गट बहुतेक त्याच्या पोटात असतात, पृष्ठभागावर नव्हे. आयनाला आधी मण्याभोवतीचा पाण्याचा स्थिर पापुद्रा ओलांडावा लागतो, मग बारीक छिद्रांमधून वाट काढत आत जावं लागतं. त्याला आत ढकलणारी एकच गोष्ट, बाहेरची आणि आतली तफावत. लिटरला २ ग्रॅम असतं तर ढकल मोठी असती. २० मिलिग्रॅमला ती शंभरपट कमी आहे. द्रावण जितकं विरळ तितका कॉलम सावकाश चालवायचा, याला पळवाट नाही.

गळती पहिल्या तासातच सुरू झाली असेल तर दोष वेगाचा. काही दिवस पलीकडे जवळजवळ शून्य येऊन मग आकडा हळूहळू चढू लागला तर बेड भरत आला असं समजायचं. तुमची गळती पहिल्या प्रकारची आहे. अशा रेझिनला मी ताशी ४ बेड व्हॉल्यूमच्या वर सुरुवात करत नाही. पाळीपुरता न चालवता पंप चोवीस तास चालवलात तर ५०० लिटरला ताशी २१ लिटर पडतात, आणि त्याला ५ लिटरपेक्षा किंचित जास्त रेझिन लागतं. या हिशोबात क्षमतेचा आकडा कुठेच आला नाही. कॉलमचा आकार वेगाने ठरतो. क्षमता फक्त सांगते की तो किती दिवसांनी बदलायचा.

आता त्या १५० ग्रॅमकडे. तो आकडा खोटा नसेल. स्वच्छ पातळ आम्लात एकटं पॅलेडियम क्लोराइड, तेही भरपूर, घालून मोजलं की तसा आकडा मिळतो. तुमच्या द्रावणात काय आहे ते आयनांच्या संख्येत मांडून बघा. पॅलेडियमचा अणुभार १०६, तांब्याचा ६३.५. वजनात तांबं दोनशेपट दिसतं, पण मोजायला बसलात तर पॅलेडियमच्या एका आयनामागे तांब्याचे ३३५ आयन उभे आहेत.

निवडक शोषकाबद्दल (रेझिन हाही एक शोषकच) सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. 'निवडक' याचा अर्थ 'फक्त तेवढंच पकडणारा' असा लोक घेतात. निवड हे एक गुणोत्तर आहे. समजा, एखादं रेझिन तांब्यापेक्षा पॅलेडियमला ३०० पटीने पसंत करतं. ऐकायला फारच छान. पण ३०० भागिले ३३५ केलं की कळतं, भरलेल्या बेडवर निम्म्याहून थोडं जास्त तांबंच बसलेलं असणार. ५,००० पट पसंती असेल तर एका तांब्यामागे पंधराएक पॅलेडियम बसतील, आणि तेव्हा त्याला निवडक म्हणायला हरकत नाही. पुरवठादाराला एवढंच विचारा: लिटरला ४ ग्रॅम तांबं आणि माझ्याइतकं आम्ल असताना, २० मिलिग्रॅम पॅलेडियमला तुमचं रेझिन किती भरतं? उत्तर नसेल तर तुम्हालाच काढावं लागेल. माझ्या अंदाजी हिशोबासाठी मी लिटरला ३० ग्रॅम धरतो. ५.२ लिटरवर १५६ ग्रॅम, रोज १० ग्रॅम आत येतं, म्हणजे साधारण पंधरा दिवस.

हे गुणोत्तर सुधारायचा सगळ्यात स्वस्त मार्ग रेझिनच्या आधी आहे. ४ ग्रॅम तांबं याचा अर्थ तुमची पहिली पायरी, सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तांबं काढायची, अर्धवट होते आहे. तिथे वेळ वाढवून, भुकटी बारीक करून, नीट धुऊन तांबं ०.४ ग्रॅमवर आणलंत तर ३३५ चे ३३ होतील. नवं रेझिन घेऊन एवढ्या स्वस्तात दहापट सुधारणा सहसा मिळत नाही.

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. वेग कमी केल्यावर सुधारलं आणि दहा दिवसांत पुन्हा ढासळलं, याला बेड भरणं हेही एक कारण असू शकतं, पण मला वाटतं की रेझिन मरतंही आहे. कारण समजायला गंधक इथे का वापरतात ते पाहावं लागेल. १९६३ मध्ये राल्फ पिअर्सन यांनी आम्ल आणि अल्कलींची 'कठीण' आणि 'मऊ' अशी विभागणी मांडली. मोठे, ज्यांचा इलेक्ट्रॉनांचा पसारा सहज वाकतो असे धातू मऊ. पॅलेडियम, सोनं, चांदी, पारा यांतले. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, तिहेरी भाराचं लोखंड हे कठीण. मऊ मऊला धरतो, आणि गंधक मऊ आहे. म्हणून थायोयुरिया किंवा थायॉल हे गंधकाचे गट असलेलं रेझिन लोखंडाच्या गर्दीतूनही पॅलेडियम वेचतो. पण इलेक्ट्रॉन देऊ करणारा हाच गंधक ऑक्सिडीकरणाला सगळ्यांत आधी बळी पडतो. तुमच्या द्रावणात ॲक्वा रेजियामधलं नायट्रिक आम्ल शिल्लक आहे. दुहेरी भाराचं तांबं आणि तिहेरी लोखंडही थायॉलचे दोन गंधक एकमेकांना जोडून निकामी करतात. रोज थोडी-थोडी क्षमता अशी जळते.

हे तपासायला सोपी चाचणी आहे. कॉलममधून बाहेर पडलेलं, पॅलेडियम नसलेलं द्रावण एका बाटलीत घ्या, त्यात नवं रेझिन मोजून १०० मिलिलिटर टाका आणि आठवडाभर ठेवा. मग ते धुऊन, कोऱ्या रेझिनशेजारी ठेवून, दोघांची क्षमता ज्ञात पॅलेडियमवर मोजा. फरक पडला तर माझं म्हणणं खरं. ऑक्सिडीकारक शोधायला स्टार्च-आयोडाइडची पट्टी मात्र वापरू नका. तांबं स्वतःच आयोडाइडचं आयोडीन करतं, पट्टी निळी होते, आणि तुम्ही नसलेल्या क्लोरीनच्या मागे लागता.

उपाय म्हणजे नायट्रिकच काढून टाकणं. रोजचे ५०० लिटर हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर आटवत बसणं परवडणार नाही, आणि त्यातून निघणाऱ्या तपकिरी धुराची सोयही तुमच्याकडे नसेल. बोर्ड विरघळवायलाच हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून बघा. उरलेलं पेरॉक्साइड तांब्याच्या सान्निध्यात, जरा गरम केलं की आपोआप विघटित होतं. नायट्रिक तसं जात नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण 'कुठला शोषक चांगला' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर धातूच्या किमतीशी बांधलेलं आहे. ॲमिडॉक्सिम नावाचा एक गट आहे. समुद्राच्या पाण्यातून युरेनियम काढायला तोच वापरतात. समुद्रात युरेनियम घनमीटरला ३.३ मिलिग्रॅम. एक किलोसाठी सगळंच्या सगळं सापडलं असं धरूनही ३० कोटी लिटर पाणी लागतं. ते पंपाने ढकलायचं म्हटलं तर तिथेच हिशोब संपला. म्हणून जपानी संशोधकांनी मण्यांऐवजी कापड केलं. १९९९ ते २००१ मध्ये मुत्सुजवळच्या समुद्रात ३५० किलो कापड पाण्यात सोडलं, प्रवाहालाच पंप केलं, आणि एकूण २४० दिवसांत किलोभराहून जास्त यलोकेक (युरेनियमची पिवळी भुकटी) मिळवला. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर इलेक्ट्रॉन किरणांनी हाच गट रुजवण्याचं काम झालं आहे. या सगळ्यांना अडवणारा प्रतिस्पर्धी युरेनियमच्या आसपासचा कुणी नाही, तो व्हॅनेडियम आहे. ॲमिडॉक्सिमला तो इतका आवडतो की तंतूवरच्या जागा तोच अडवून बसतो आणि सहज सुटत नाही.

तोच गट ॲल्युमिना कारखान्यांमध्ये गॅलियम काढतो. बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) कॉस्टिक सोड्यात विरघळवलं की त्यातलं थोडंसं गॅलियमही विरघळतं, आणि द्रावण पुन्हा पुन्हा फिरत राहिल्याने लिटरला शे-दोनशे मिलिग्रॅमपर्यंत साचतं. कोल्हापूरच्या पठारांवरचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जायचं, तेव्हा हे गॅलियमही त्याच ट्रकांमधून जायचं. तिथेही व्हॅनेडियम वाटेत उभं असतं, आणि तिथला खरा खर्च रेझिन किती फेऱ्या टिकतं यावर ठरतो. कडक कॉस्टिकमध्ये भरायचं, मग आम्लाने सोडवायचं, पुन्हा कॉस्टिक. प्रत्येक फेरीत थोडा गट झिजतो. गॅलियमची किंमत एवढी नाही की रेझिन फेकून देता येईल. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हापासून बऱ्याच जणांनी मला फोन केले. सगळे विचारत होते, कुठलं रेझिन भरपूर पकडेल. शंभराव्या फेरीत ते किती पकडेल, हे कुणी विचारलं नाही.

तुमचं गणित याच्या उलट आहे. पॅलेडियम ग्रॅमला काही हजार रुपये. पंधरा दिवसांत ५ लिटर रेझिनवर दीडशे ग्रॅम बसलं तर त्यापुढे रेझिनची किंमत किरकोळ. रेझिन पुन्हा वापरलंच पाहिजे असा हट्ट तुम्ही धरू नये. याचं कारण सांगायला एक प्रसंग सांगतो.

तारापूरच्या बाजूला एका कारखान्यात आम्ही औषध कंपन्यांचा वापरलेला पॅलेडियम-कार्बन उत्प्रेरक विरघळवत होतो. तिथे सोनं नव्हतं, चांदी नव्हती. कमी आम्लात पॅलेडियम चार क्लोराइडांच्या वेढ्यात ऋणभारित असतं, म्हणून साधं ॲनायन रेझिन वापरलं. सोडवायला अमोनिया. ही युक्ती मला आजही सुंदर वाटते: अमोनिया मिळताच क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी चार अमोनिया येतात, ऋणभारित आयन धनभारित होतो आणि ऋण आयन धरणारं रेझिन त्याला आपणहून सोडून देतं. आधी बेड पातळ हायड्रोक्लोरिकने धुवायचा. धुवण काचेच्या वाटीत घेऊन त्यात अमोनियाचा थेंब टाकायचा. निळं झालं तर तांबं अजून आहे, आणखी धुवायचं. त्या रात्री पाळीवरच्या मुलाने धुणं व्यवस्थित केलं, पण अमोनिया पातळ आणि गार घेतला. बेडच्या वरच्या थरात गुलाबी रंग दिसू लागला. अर्धं पॅलेडियम अमोनियाचं झालेलं, अर्धं अजून क्लोराइडचं, आणि दोघं मिळून न विरघळणारा गुलाबी क्षार. बघता बघता बेड सिमेंटसारखा बसला, पंपाचा दाब चढला, जोड सुटला. सुदैवाने कुणाच्या अंगावर आलं नाही. सकाळी आम्ही गरम, कडक अमोनिया खालून वर सोडला. दोन तासांत गुलाबी विरघळून रंगहीन झालं. त्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पिवळी धमक भुकटी बसली. गाळली, धुतली, आणि हिशोब ग्रॅमपर्यंत जुळला.

आता महत्त्वाचं. ही पद्धत तुम्ही वापरायची नाही. मेटाबायसल्फाइटनंतरही तुमच्या द्रावणात थोडं सोनं उरतंच. लिटरला अर्धा मिलिग्रॅम धरा. पंधरा दिवसांत ७,८०० लिटर गेले म्हणजे जवळपास ४ ग्रॅम सोनं बेडवर जमा, कारण सोन्याचा क्लोराइड आयन रेझिनला पॅलेडियमपेक्षाही घट्ट चिकटतो. त्यावर अमोनिया सोडलात तर स्फोटक सोनं तयार होतं. वाळलं की घर्षणानेही फुटतं. चांदीच्या अमोनियायुक्त द्रावणाचंही तसंच, ते ठेवून दिलं की त्यात स्फोटक गाळ बसतो. कुणी कितीही सोपं म्हणून सुचवलं तरी बोर्डांच्या द्रावणाच्या कॉलममध्ये अमोनिया नेऊ नका.

गंधकाच्या रेझिनमधून पॅलेडियम सोडवता येतं, आम्लात विरघळवलेल्या गरम थायोयुरियाने, अगदी सावकाश. पण पूर्ण सुटत नाही. प्रत्येक फेरीत मागे थोडं राहतं आणि पुढच्या फेरीची जागा खातं. ज्या घट्ट मिठीमुळे २० मिलिग्रॅममधून पॅलेडियम उचललं गेलं, तीच मिठी सोडवताना आडवी येते. शिवाय थायोयुरिया आरोग्याला वाईट, आणि ते सांडपाणी सांभाळायचं आणखी एक काम. दिवसाला १० ग्रॅमच्या कामासाठी मी हे करणार नाही. बेड पूर्ण भरू द्या, धुवा, पाणी निथळवा, आणि भरलेलं रेझिन ज्यांच्याकडे स्क्रबर (धूर धुऊन काढणारी यंत्रणा) असलेली भट्टी आणि परवानगी आहे अशा रिफायनरकडे पाठवा. ते जाळून राखेतून धातू काढतात. आपल्या आवारात पत्र्याच्या डब्यात जाळायचा मोह आवरा. गंधक, क्लोरीन आणि नायट्रोजन असलेलं प्लास्टिक आहे ते; धूर शेजारच्यांच्या फुप्फुसात जाईल, आणि राख उडाली की पॅलेडियमही जाईल. पाठवण्याआधी रेझिन नीट मिसळून त्याचे दोन नमुने काढा, एक सीलबंद तुमच्याकडे ठेवा. ई-कचरा नियम २०२२ खालची तुमची नोंदणी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांत हे भरलेलं रेझिन नोंदलेलं आहे ना, तेही बघा.

बेड तुंबू नये म्हणून एक-दोन गोष्टी. तुम्ही आम्ल कमी करायला द्रावणात पाणी घालता असं लिहिलंय. कडक क्लोराइडमध्ये चांदी विरघळलेली असते. पाणी घातलं की दुधासारखा पांढरा गढूळपणा येतो, तो चांदीचा क्लोराइड. कथीलही पाणी वाढलं की चिकट गोळ्यासारखं बसतं. थंडीच्या सकाळी टाकीच्या तळाशी पांढऱ्या सुया दिसल्या तर ते शिशाचं क्लोराइड. पाणी घालायचंच असेल तर ते कॉलमच्या आधीच्या टाकीत घाला, रात्रभर निवळू द्या, मग ५ मायक्रॉन आणि त्यानंतर १ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. तो गाळ फेकू नका, त्यात चांदी आहे.

नवीन मोठा कॉलम बांधण्याआधी १५ दिवस एक छोटा चालवा. २५ मिलिमीटर आतला व्यास असलेली काचेची नळी, त्यात ६० सेंटिमीटर उंचीचं रेझिन, म्हणजे साधारण ३०० मिलिलिटर. मिनिटाला २० मिलिलिटर सोडा. यापेक्षा बारीक नळीत द्रावण भिंतीकडेने निसटतं आणि आकडे फसवतात. द्रावण तुमचं खरं घ्या, बाटलीतलं बनवलेलं नको. दर चार तासांनी पलीकडचा नमुना. प्रत्येक नमुना प्रयोगशाळेत पाठवायची गरज नाही: आम्लयुक्त नमुन्यात डायमिथिलग्लायॉक्झाइमचे दोन थेंब टाका, पिवळं आलं तर पॅलेडियम निसटतंय. निकेलचा लाल रंग आम्लात येत नाही, त्यामुळे गोंधळ होणार नाही. प्रयोगशाळेला पाठवाल तेव्हा त्यांना तांबं किती आहे ते सांगा आणि तुलनेची द्रावणंही तेवढंच तांबं घालून करायला लावा. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी समुद्रातल्या सोन्यातून जर्मनीची युद्धभरपाई फेडायचा बेत केला होता; जुन्या विश्लेषणांतले आकडे फार चढे निघाले आणि त्यांना सगळं सोडून द्यावं लागलं. तुमचे २० मिलिग्रॅम खरोखर २० आहेत ना, हे आधी दोन ठिकाणी तपासून घ्या.

मोठ्या कॉलमसाठी एकामागे एक असे ५-५ लिटरचे दोन बसवा. पहिल्यातून गळती निम्म्यावर आली तरी घाबरू नका, दुसरा ती पकडतोय. पहिला पूर्ण भरला की काढा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणा, नवा मागे लावा. आणि रोजच्या वहीत तीनच आकडे लिहा: किती ग्रॅम आत गेलं, किती बाहेर पडलं, आणि फरकावरून बेडवर किती असायला हवं. रिफायनरचा अहवाल येईल तेव्हा तिसरा आकडा त्याच्या शेजारी ठेवायला हवा असेल.